पुन्हा कॅट द्यावी का? आधी दोन तारखा वेगळ्या करा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजून उत्तर देत आहे हे तुम्हाला पडताळता येईल. तुमचे वय २५, संगणक अभियांत्रिकीची पदवी आणि हिंजवडीत जवळपास दोन वर्षांची नोकरी. दहावीपर्यंतचे शिक्षण सांगलीत, मराठी माध्यमातून. दहावीला ९२ टक्के, बारावीला ७६ टक्के, पदवीला ७.६ सीजीपीए. नोव्हेंबर २०२४ मध्ये झालेल्या कॅटमध्ये, म्हणजे आयआयएम (भारतीय व्यवस्थापन संस्था) व इतर व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशपरीक्षेत, पहिल्याच प्रयत्नात तुम्हाला एकूण ९३.४ पर्सेंटाइल मिळाले, म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरांतले साधारण ९३ जण तुमच्या मागे होते; त्यात व्हीएआरसी या इंग्रजी आकलनाच्या विभागात ७९, डीआयएलआर या माहितीचे विश्लेषण व तर्क यांच्या विभागात ९६ आणि गणितात ९४. आयआयएमचा एकही कॉल, म्हणजे मुलाखतीचे बोलावणे, आले नाही. पुण्यातल्या एका खासगी संस्थेत प्रवेश मिळाला आहे, दोन वर्षांचे शुल्क १५ लाख आहे आणि पहिला हप्ता भरायला तीन आठवडे उरले आहेत. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस, असे वडील म्हणतात. बरोबरच्या एका मित्राने मात्र राजीनामा देऊन ड्रॉप घेतला आहे, म्हणजे वर्षभर फक्त तयारी करायचे ठरवले आहे. पुन्हा कॅट द्यावी का आणि द्यायची तर नोकरी सोडावी का, हा तुमचा प्रश्न.

पुण्यात अठरा वर्षे मी कॅटचे गणित आणि डीआयएलआर शिकवतो आहे. दरवर्षी जानेवारीपासून मेपर्यंत माझ्यासमोर गणितांपेक्षा हाच प्रश्न अधिक वेळा येतो, आणि तो बहुतेक वेळा तुमच्याप्रमाणेच, दोन निर्णयांची एक गाठ मारून विचारला जातो. हातातला प्रवेश घ्यायचा की नाही हा एक निर्णय आहे. परीक्षा पुन्हा द्यायची की नाही हा दुसरा. पहिल्याची मुदत तीन आठवड्यांत संपते. दुसऱ्याची मुदत इतक्यात संपत नाही: कॅटची नोंदणी साधारण ऑगस्टमध्ये सुरू होऊन सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते, परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते आणि २०२४ मध्ये सर्वसाधारण प्रवर्गासाठी तिची फी २,५०० रुपये होती. म्हणजे परीक्षेचा निर्णय तुम्ही सप्टेंबरपर्यंत, तीन-साडेतीन महिन्यांची तयारी पाहून, डोळसपणे घेऊ शकता. तो आज घेण्याची घाई केवळ प्रवेशाच्या हप्त्यामुळे वाटते आहे.

प्रवेशाचा निर्णय मात्र आजच घ्यायचा आहे, आणि तो घेताना पुढच्या वर्षी ९८ येतील असे गृहीत धरायची मुभा मी कोणालाही देत नाही. पुढच्या वर्षीही ९३ च आले, असे समजा. तरीही आज हा प्रवेश सोडल्याचे वाईट वाटणार नसेल, तर सोडा. वाईट वाटणार असेल, तर तुम्हाला ही संस्था खरोखर हवी आहे, फक्त ९३ हा आकडा बोचतो आहे. आकडा बोचतो म्हणून दोन वर्षांचे नियोजन बदलणारे विद्यार्थी मी बरेच पाहिले आहेत आणि त्यांना थांबवणे फार अवघड असते.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत, आणि उत्तर त्यांवर अवलंबून आहे. घरची आर्थिक स्थिती, अंगावर आधीचे कर्ज आहे का, तुमच्या पगारावर घर किती अवलंबून आहे, हे मला ठाऊक नाही. प्रवर्गाचा उल्लेखही नाही, म्हणून मी सर्वसाधारण धरून लिहितो आहे. येथे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांची एक चूक वारंवार होते, ती सांगून ठेवतो. आयआयएम या केंद्रीय संस्था आहेत. तेथे केंद्राच्या यादीतला ओबीसी आणि तोही नॉन-क्रीमी लेयर, ईडब्ल्यूएस, एससी, एसटी आणि दिव्यांग हेच आरक्षण लागू होते. राज्याच्या एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) प्रवर्गाचा दाखला तेथे चालत नाही. मात्र उत्पन्नाच्या व मालमत्तेच्या अटींत बसत असल्यास अशा उमेदवाराला केंद्राचा ईडब्ल्यूएस दाखला काढता येतो, आणि तो चालू आर्थिक वर्षाचा, केंद्राच्या नमुन्यातला असावा लागतो. गुण असूनही तहसील कार्यालयातल्या दाखल्यावाचून अडकलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. तुम्हाला हे लागू होत असेल, तर खालचे बरेचसे आकडे तुमच्या बाजूने सरकतील.

आता परीक्षेकडे वळू. पुन्हा द्यावी का, हे ठरवताना मी सर्वांत आधी मॉकचे, म्हणजे सराव परीक्षांचे, गुण पाहतो. अंतिम पर्सेंटाइल नंतर. कारण मला एवढेच जाणून घ्यायचे असते की त्या रविवारी जे घडले तो अपघात होता की तुमची त्या वेळची खरी पातळी होती. परीक्षेतले गुण शेवटच्या आठ-दहा मॉकपैकी सर्वांत वाईट दोन-तीनांच्याही खाली गेले असतील, तर काहीतरी बिघडले होते: ताप असेल, झोप झाली नसेल, पहिल्या विभागात घाबरून पुढचे दोन हातचे गेले असतील. अशा विद्यार्थ्याने पुन्हा परीक्षा द्यावी, आणि तिच्यासाठी वर्षभर नव्याने शिकण्याचीही त्याला गरज नसते. गुण मॉकच्या मधल्या पट्ट्यात असतील, तर परीक्षेने खरे तेच सांगितले. तुम्ही दहा मॉक दिल्याचे आणि ८९ ते ९५ पर्सेंटाइल मिळाल्याचे लिहिले आहे. ९३.४ त्या पट्ट्यात, किंबहुना थोडे वरच बसते. तुमचे नशीब वाईट नव्हते, हे ऐकायला कडू आहे, पण पुढचा सारा विचार यावरच उभा आहे.

याचाच दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. तुमचा हिशोब मला असा दिसतो: गणित ९४, डीआयएलआर ९६ हे तर आहेतच, आता व्हीएआरसी ७९ वरून ९० वर नेले की एकूण ९८ झाले. या हिशोबात पहिले दोन आकडे बँकेतल्या ठेवीसारखे धरले आहेत. गणिताचे ठीक आहे. ते वर्षभरात फारसे ढळत नाही. डीआयएलआरचे तसे नाही. तुमच्या मॉकमध्ये या विभागाचे पर्सेंटाइल ७८ पासून ९७ पर्यंत फिरले आहे आणि परीक्षेतले ९६ त्याच्या अगदी वरच्या टोकाला आहे. कॅट २०२४ मध्ये या विभागात पाच संच (एकाच माहितीवर आधारलेल्या चार-पाच प्रश्नांचा एक संच) आणि २२ प्रश्न होते, वेळ ४० मिनिटे. बहुतेक चांगले विद्यार्थी तीन संच पुरते सोडवतात. एक संच चुकीचा निवडला की बारा-पंधरा मिनिटे जातात आणि उरलेल्या वेळात दोनच होतात. म्हणजे एका निवडीवर पर्सेंटाइल दहा-पंधराने खाली येते. तुमची निवड त्या दिवशी बरोबर आली. पुढच्या वेळी ती तुमच्या सरासरीइतकी आली, तर डीआयएलआर ८८-९० असेल आणि व्हीएआरसीतली सगळी वाढ तेथे भरपाई करण्यात जाईल. म्हणून पुन्हा परीक्षा द्यायची झाल्यास तयारी एका विभागाची नव्हे, दोन विभागांची आहे, हे आधीच मान्य करावे लागेल. संच निवडण्याचा सरावही स्वतंत्रपणे करता येतो: पाचही संच प्रत्येकी दीड मिनिट वाचायचे, एकही न सोडवता क्रम लिहायचा, मग वेळ न लावता सर्व सोडवून आपला क्रम किती बरोबर होता ते पाहायचे. विद्यार्थ्यांना याचा कंटाळा येतो, पण डीआयएलआरमधले चढउतार कमी करणारा याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही.

पर्सेंटाइल या शब्दाने होणारी एक फसगत दूर करतो. कॅट २०२४ ला सुमारे २.९३ लाख उमेदवार बसले. त्यात एक पर्सेंटाइल म्हणजे सुमारे २,९३० माणसे. ९३.४ असताना तुमच्या पुढे १९,३०० च्या आसपास उमेदवार होते; ९७.५ ला साधारण ७,३०० असतात. म्हणजे चार पर्सेंटाइलसाठी बारा हजार जणांना मागे टाकायचे आहे. हे वाचून छाती दडपते, म्हणून लगेच दुसरी बाजूही सांगतो. त्या बारा हजार जणांमध्ये आणि तुमच्यामध्ये गुणांचे अंतर फार नसते. २०२४ चा पेपर ६८ प्रश्नांचा, २०४ गुणांचा होता आणि निम्म्याहून कमी गुणांतही ९९ पर्सेंटाइल होत होते. पेपरच्या काठिण्याप्रमाणे बदलते, पण ९३ आणि ९७ यांमध्ये साधारण पाच ते सात बरोबर उत्तरांचा फरक असतो. अडीचशे तासांच्या तयारीतून पाच-सात उत्तरे वाढवणे अशक्य नाही. पण ती कोठून येणार, हे बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.

आणि ती आल्याने काय मिळणार, हेही. गुण वाढले की दारे एकेक करून उघडत जातात असे नाही. बराच वेळ काहीच उघडत नाही आणि मग एकदम चार-पाच उघडतात. तुमच्या शैक्षणिक गुणांसह, सर्वसाधारण प्रवर्गातून, ९३ आणि ९५ मध्ये संस्थांच्या यादीत जाणवण्याजोगा फरक मला दिसत नाही. ९७-९८ पासून तो दिसू लागतो: नव्या आयआयएमचे सामाईक प्रवेश, काही आयआयटींची व्यवस्थापन विद्यालये, दिल्ली-गुरुग्रामकडच्या काही जुन्या संस्था. जुन्या आयआयएमबद्दल मात्र स्वप्नात राहू नका. तेथे दहावी, बारावी, पदवी, लिंगविविधता, शाखाविविधता अशा अनेक गोष्टींना निवडीच्या सूत्रात वजन असते, आणि अभियंता, बारावीला ७६ टक्के, हे कितीही तयारी केली तरी बदलणार नाही. बंगळुरूच्या आयआयएमसारख्या ठिकाणी मागच्या परीक्षांच्या गुणांना विशेष वजन असल्याचे तुम्हीही वाचले असेल. म्हणून तुमचे उद्दिष्ट ९७.५ आणि त्याला लागून येणाऱ्या संस्था हे असावे. त्या संस्थांपैकी तीन-चार नावे कागदावर लिहा आणि हातातल्या संस्थेच्या शेजारी ठेवा. फरक पडतो असे प्रामाणिकपणे वाटत नसेल, तर पुन्हा परीक्षेचा विषय तेथेच संपतो.

थोडे स्वतःबद्दल सांगतो, कारण पुन्हा परीक्षा देण्याचा एक विचित्र अनुभव माझ्या पिढीने एकत्र घेतला आहे. २३ नोव्हेंबर २००३ ला मी पहिल्यांदा कॅट दिली. तेव्हा ती कागदावर होत असे. पेपर फुटल्याचे उघड झाले, ती परीक्षा रद्द झाली आणि १५ फेब्रुवारी २००४ ला देशभर पुन्हा घेतली गेली. म्हणजे इच्छा असो वा नसो, त्या वर्षी सर्वांनीच ती पुन्हा दिली. मधल्या बारा आठवड्यांत मी काय केले? जे येत होते तेच अधिक वेगाने सोडवत बसलो. संख्यांची आणि भूमितीची उदाहरणे हाताला सवयीची होती, ती करताना अभ्यास झाल्यासारखे वाटे, आणि इंग्रजी उताऱ्यांना मी हात लावला नाही, कारण तेथे स्वतःला मूर्ख समजण्याची वेळ येई. फेब्रुवारीत निकाल तसाच लागला. गंमत अशी की रद्द झालेल्या परीक्षेचे गुण कोणालाच कळले नाहीत, त्यामुळे आमच्या गटातला प्रत्येक जण आजही शपथेवर सांगतो की त्याचा नोव्हेंबरचा पेपर झकास गेला होता. मीही सांगतो.

तेव्हापासून पुन्हा परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारतो: या वेळी वेगळे काय करणार? ‘जास्त अभ्यास करणार’ हे उत्तर मी धरत नाही. चार वर्षे सलग परीक्षा देऊन ९५ ते ९६.५ च्या मध्ये फिरत राहिलेला एक विद्यार्थी मला आठवतो. दरवर्षी तो नवी मॉकमाला घेई, दरवर्षी तीसेक मॉक देई, आणि एकाही मॉकचे विश्लेषण पेपर दिला त्यापेक्षा अधिक वेळ करीत नसे. त्याच काळात साताऱ्याकडची एक विद्यार्थिनी दुसऱ्या प्रयत्नात ९१ वरून ९८ च्या पुढे गेली. तिने मॉक निम्मे केले आणि प्रत्येक मॉकनंतरचे दोन दिवस फक्त चुकांची वही लिहिली. दोघांची बुद्धी सारखीच होती, असे मी आजही म्हणेन.

तुमच्या बाबतीत वेगळे काय करता येईल, ते व्हीएआरसीत शोधावे लागेल. ७९ चे कारण तुम्ही ‘मराठी माध्यम’ असे एका शब्दात दिले आहे. ते मला पटत नाही, किंवा अर्धेच पटते. मी स्वतः मराठी माध्यमाचा आहे आणि हे कारण किती उपयोगी पडते, याची मला चांगली जाण आहे. माझ्याकडच्या विद्यार्थ्यांना मी एक चाचणी देतो. मराठी वृत्तपत्रातला एखादा लांब वैचारिक लेख घ्या, एकदाच वाचा, बाजूला ठेवा, आणि लेखकाचे म्हणणे, त्याने खोडलेले मत आणि त्याने मान्य केलेली अडचण तीन वाक्यांत लिहा. हे मराठीत नीट जमले, तर तुमची अडचण खरोखर इंग्रजी शब्दसंपत्तीची आणि वेगाची आहे. ती सहा महिन्यांच्या रोजच्या वाचनाने बरीच हलते. मराठीतही जमले नाही, तर अडचण भाषेची नाहीच. मग शब्दांच्या याद्या पाठ करणे व्यर्थ आहे. युक्तिवाद कसा उभा राहतो हे वाचायला शिकावे लागेल, आणि ते आधी मराठीत शिकलात तरी चालेल. बऱ्याच अभियंत्यांच्या बाबतीत दुसरेच खरे निघते. माहिती शोधण्यासाठी वाचायची आपल्याला सवय असते. कॅटचा उतारा तत्त्वज्ञानाचा, मानववंशशास्त्राचा किंवा कलेच्या इतिहासाचा असला की त्यात शोधण्याजोगी ‘माहिती’ नसते, आणि आपण तीच ओळ पाच वेळा वाचत बसतो.

डिसेंबरात उतरवून घेतलेली तुमची उत्तरपत्रिका जवळ असेल, तर तीही काढा. कॅट २०२४ मध्ये व्हीएआरसी विभागात २४ प्रश्न होते, त्यांपैकी १६ उताऱ्यांवरचे. तुमची चुकलेली उत्तरे तीन ढिगांत वाटा: उताराच समजला नव्हता, उतारा समजला, पण दोन पर्यायांत घोटाळा झाला, आणि वेळ संपत आली म्हणून ठोकून दिले. तिसऱ्या ढिगाबद्दल एक छोटा हिशोब. चार पर्यायांच्या प्रश्नात बरोबर उत्तराला तीन गुण आणि चुकीला एक गुण वजा, म्हणजे डोळे मिटून ठोकलेल्या उत्तराची सरासरी कमाई बरोबर शून्य. गुणांचे नुकसान होत नाही, पण ठोकण्याआधी तुम्ही त्या उताऱ्यावर सहा-सात मिनिटे घालवलेली असतात, आणि नुकसान ते असते. तिसरा ढीग मोठा असेल, तर चारांऐवजी तीन उतारे घेण्याच्या एका बदलाने दोन-तीन उत्तरे वाढू शकतात. दुसरा ढीग मोठा असेल, तर ती सर्वांत चांगली बातमी. पर्याय नाकारण्याचे कौशल्य शिकवता येते. पहिला ढीग मोठा असेल, तर वाढ हळू होईल आणि नोव्हेंबर कदाचित अपुरा पडेल. येथपर्यंतचे एका वाक्यात सांगायचे तर, तुमचे ९३ हे अपघाताने आलेले नाही, ते ९७ होण्याची जागा आहे, पण ती जागा व्हीएआरसीतल्या चुकांच्या प्रकारावर आणि डीआयएलआरच्या स्थिरतेवर अवलंबून आहे.

नोकरी सोडण्याबद्दल माझे मत पक्के आहे, आणि ते तुमच्या मित्राला आवडणार नाही. सोडू नका. कॅट ही दिवसाला दहा तास बसून सुटणारी परीक्षा नाही. तिचा अभ्यासक्रम दहावी-अकरावीच्या पुढे फारसा जात नाही. आठवड्याला बारा ते पंधरा तास, पण सलग सहा महिने, एवढे तिला पुरते. रिकामा दिवस हाताशी असला की चुकांची वही लिहिण्याऐवजी आणखी एक मॉक दिला जातो, आणि सप्टेंबरपर्यंत माणूस थकून जातो. शिवाय राजीनामा दिल्यावर ही परीक्षा उरलेल्या एकमेव दोरीसारखी होते, आणि ४० मिनिटांच्या विभागात त्या भीतीची किंमत मोजावी लागते. मुलाखतीत ‘या वर्षात काय केलेत?’ हा प्रश्न येतो, तो वेगळाच. नोकरीत राहिलात, तर पुढच्या जूनपर्यंत तुमचा अनुभव तीन वर्षांच्या घरात जाईल. अनेक संस्थांच्या सूत्रात अनुभवाचे गुण साधारण ३६ महिन्यांपर्यंतच वाढतात, त्यामुळे हे एक वर्ष तुमच्या बाजूने मोजले जाईल. त्याच्या पुढचे वर्ष मोजले जाईलच असे नाही. हिंजवडीचा प्रवास दिवसाचे दोन तास खातो, हे मला ठाऊक आहे. वाचन त्या बसमध्ये करा, आणि आतापासून रजा साठवून नोव्हेंबरचे शेवटचे दोन आठवडे मोकळे ठेवा.

आता हातातला प्रवेश. संस्थेचे नाव तुम्ही दिले नाही ते बरे केले. मला नाव न पाहता बोलता येते. त्यांच्याकडून गेल्या दोन वर्षांचा नोकऱ्यांचा अहवाल मागवा, आणि त्यात सरासरी पगार न पाहता मध्यक पाहा. सरासरी परदेशातल्या एका नोकरीनेही फुगते. मध्यक म्हणजे रांगेत बरोबर मधोमध उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला मिळालेला पगार, आणि तुम्ही कदाचित त्याच्याच आसपास असाल. अहवाल बाहेरच्या लेखापरीक्षकाने तपासलेला आहे का, तेही विचारा. मग हा हिशोब करा: परतफेड सुरू होताना १५ लाखांचे कर्ज, व्याज साडेदहा टक्के, मुदत सात वर्षे धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे २५,३०० रुपये येतो, आणि शिक्षण चालू असतानाचे व्याज त्याआधीच साचलेले असते. मध्यक पगारातून हा हप्ता गेल्यावर हातात येणारी रक्कम तुमच्या आजच्या पगारापेक्षा किती अधिक आहे? फरक भरघोस असेल, तर वडिलांचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे आणि ते ऐकावे. फरक चार-पाच हजारांचा असेल, तर त्यांच्यासमोर हाच कागद ठेवा. आमच्याकडे पालकांशी होणारे बहुतेक वाद भावनेवर सुरू होतात आणि असा एक कागद समोर आला की निवळतात. पहिला हप्ता भरण्याचे ठरल्यास शुल्क परताव्याच्या अटी लेखी वाचा आणि शेवटची तारीख लिहून ठेवा.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मला खटकले: ‘सीईटी दिली नाही, कारण ती कॅट न जमलेल्यांसाठी असते.’ महाराष्ट्रात राहून असे म्हणणे महाग पडते. राज्याची एमबीए सीईटी ही कॅटची धाकटी बहीण नव्हे, ती वेगळीच परीक्षा आहे: १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद, आणि चुकीला गुण वजा होत नाहीत. बुद्धिमापन व तर्क यांचा वाटा त्यात मोठा असतो आणि लांब उताऱ्यांचा कॅटच्या मानाने कमी, म्हणजे तुमच्या बलस्थानांना ती अधिक अनुकूल आहे. मुंबईचे जमनालाल बजाज आणि सिडनहॅमचे व्यवस्थापन विद्यालय यांचे प्रवेश तिच्यावर होतात, महाराष्ट्राच्या उमेदवारांसाठी बहुसंख्य जागा असतात, आणि शुल्क तुमच्या हातातल्या संस्थेच्या मानाने बरेच कमी आहे. जमनालाल बजाजला सर्वसाधारण प्रवर्गातून ९९.९ च्या आसपास लागतात, त्यामुळे ते सोपे नाही. पण कॅट संपल्यावर सीईटीला तीन-चार महिने मिळतात, आणि डीआयएलआरचा सराव तेथे थेट उपयोगी पडतो. डिसेंबरातली स्नॅप, म्हणजे सिंबायोसिसच्या संस्थांची प्रवेशपरीक्षा, तीनदा देता येते व त्यांतले सर्वोत्तम गुण धरले जातात. एनमॅट ही खासगी संस्थांची प्रवेशपरीक्षाही एका हंगामात तीनदा देता येते. एक्सएटी ही जमशेदपूरच्या एक्सएलआरआय संस्थेची परीक्षा जानेवारीच्या पहिल्या रविवारी असते, पण तिच्यातले इंग्रजी कॅटहून कठीण आहे, म्हणून तुमच्यासाठी ती शेवटी. या सगळ्या परीक्षा द्या असे मी म्हणत नाही. कॅट आणि सीईटी, आणि मध्ये स्नॅप, एवढे पुरे.

अनुभव आणखी वाढल्यावर जीमॅट ही आंतरराष्ट्रीय प्रवेशपरीक्षा देऊन हैदराबादच्या आयएसबीसारख्या संस्थेतल्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाकडे जायचे, असाही एक मार्ग आहे, आणि तेथे पुन्हा परीक्षा देणे ही गोष्टच हलकी असते. जीमॅट १६ दिवसांच्या अंतराने, बारा महिन्यांत पाच वेळा देता येते आणि तिचे गुण पाच वर्षे टिकतात. कॅटचे गुण पुढच्या प्रवेशहंगामापुरतेच चालतात, यंदाचे ९३.४ पुढच्या वर्षी कोणी पाहणारही नाही. त्यामुळे दुसऱ्या प्रयत्नात गुण कमी आले तर पहिले वापरता येत नाहीत, हे जसे खरे, तसेच पहिला प्रयत्न कोणी तुमच्या विरुद्ध मोजत नाही, हेही खरे.

तुमच्या जागी मी असतो, तर मध्यकाचा हिशोब पाहून, तो कच्चा निघाल्यास, हा प्रवेश सोडला असता, नोकरी चालू ठेवली असती, आणि परीक्षेचा निर्णय सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यावर टाकला असता. त्या आठवड्यात दोन गोष्टी पाहायच्या: शेवटच्या पाच मॉकमध्ये उताऱ्यांवरच्या प्रश्नांपैकी सोडवलेल्यांतले किमान दोन तृतीयांश बरोबर येतात का, आणि त्याच पाच मॉकमध्ये डीआयएलआर एकदाही ८५ च्या खाली गेले नाही का. दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर कॅटवर पूर्ण जोर द्या. एकच होकारार्थी असेल, तर कॅट द्या, पण मुख्य लक्ष्य सीईटी ठेवा. दोन्ही नकारार्थी असतील, तर या वर्षी फी भरू नका. मध्यकाचा हिशोब भक्कम निघाला, तर मात्र यातले काहीच करण्याची गरज नाही. हप्ता भरा आणि जूनपर्यंत जमाखर्चाचे, म्हणजे अकाउंट्सचे, प्राथमिक पुस्तक वाचून काढा, कारण अभियंत्यांची पहिल्या सत्रात दमछाक तेथेच होते. अहवाल हाती आला आणि त्यातला मध्यक कसा वाचायचा असा प्रश्न पडला, तर आकडे लिहा. मी पाहून सांगेन.